दूध कुठल्या अंगाला गेलं

आत्या, काल कळंबला तुमचा तेरावा झाला. दादांनी, तुमच्या भावानं, फोनवर सगळं सांगितलं. जेवायला काय होतं, कोण कोण आलं, कुणाला निरोप द्यायचा राहिला म्हणून कोण रुसलं. तुम्हाला ज्यांचं तोंड बघवत नव्हतं तीच माणसं सगळ्यात मोठ्यानं रडली, हेही सांगितलं. मी इथं ताश्कंदला, माझ्या जागेत बसून ऐकत होते. तुम्ही गेलात त्या दिवशी मी निघायला उठले होते, पण विमान मिळून पोचेपर्यंत तिकडचं सगळं उरकलेलं असणार होतं. दादाच म्हणाले, "आता यिऊन काय करती? पोरांच्या परीक्षा हायत ना तुझ्या? आक्काला आवडायचं न्हाय ते."

खरंच नसतं आवडलं. अंगात ताप असताना शाळेत जाऊन पाढे म्हणून घेणारी बाई तुम्ही. तुमच्या मरणापायी मी वर्ग सोडला असता तर वरून डोळे वटारले असते.

म्हणून इथूनच बोलते. तसंही गेलं वर्षभर आपलं असंच चाललं होतं, मी इथून आणि तुम्ही तिथून. फरक एवढाच की आता मधेच तोडणारं कुणी नाही. माझं एक वाक्य तुम्ही कधी पुरं होऊ दिलं नाहीत. "ते राहू दे, आधी हे सांग," असं म्हणून तुम्ही पुढं निघालेल्या असायच्या. आता माझी वाक्यं आपली आपण पुरी होतात आणि मला कसंनुसं होतं.

वर बघा, मी 'माझ्या जागेत' असं लिहिलं. बोटांवर 'घरात' असंच आलं होतं, पण तुमची आठवण ठेवून खोडलं. आपला तो वाद मिटलेला नाही आणि तुम्ही उत्तर देऊ शकत नाही म्हणून मी जिंकले असं म्हणणं बरं दिसत नाही.

तुमच्या लेखी जागा तीन तऱ्हेच्या. चार भिंती नि वर पत्रा असला की खोली. खोलीत चूल मांडली, पाण्याची घागर ठेवली की बिऱ्हाड. आणि घर? "जिथनं तुला कुणी ऊठ म्हणत न्हाय, ते घर." तुम्हाला सासरच्यांनी नवरा गेल्यावर लवकरच 'ऊठ' म्हटलं होतं, हे मला आईकडून कळलं, तुमच्याकडून कधीच नाही. तुम्ही उठलात, मास्तरीण झालात, आणि बदली होईल तिकडं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलात. परंड्याच्या अलीकडची ती वस्तीवरची एकशिक्षकी शाळा, भूमच्या बाजूचं खव्याच्या भट्ट्यांचं गाव, मग नळदुर्गला हायवेच्या अंगाला ती खोली, जिथं ट्रक गेला की मांडणीवरची ताटं वाजायची. कुणी विचारलं की तुम्ही म्हणायच्या, "बिऱ्हाड अमक्या ठिकाणी हाय." निवृत्त होऊन आमच्याकडं कळंबला आलात तेव्हाही माडीवरच्या तुमच्या जागेला तुम्ही 'वरची खोली'च म्हणत राहिलात. दादा चिडायचे, "आक्का, हे तुजंच घर हाय." तुम्ही शांतपणे म्हणायच्या, "घर तुजं. खोली माजी. चहा ठीव म्हण पोरीला."

वाद अंगावर यायला लागला की तुम्हाला चहा लागायचा, हे मला लहानपणीच कळलं होतं.

मला इकडच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली तेव्हा घरात कुणालाच ते पसंत नव्हतं. आईनं जेवण टाकलं. दादा नुसते अंगणात येरझारा घालत होते. तुम्ही माडीवरून खाली आलात आणि विचारलंत, "घड्याळात फरक किती?" मी म्हटलं, अर्धा तास, ते आपल्या मागं आहेत. तुम्ही दादांकडं बघून म्हणालात, "अर्धा तास व्हय? इथनं येरमाळ्याला एसटीला त्याच्याहून जास्त लागतो. जाऊ दे की तिला." दादांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या. शेवटी ते म्हणाले, "एक वरीस. आक्का म्हणती म्हणून. एक वरीस." आणि तुम्ही मान डोलावलीत. त्या एका वर्षाला तुम्ही जामीन राहिलात, हे मी विसरले नव्हते.

पहिले काही महिने शाळेच्या क्वार्टरमध्ये चौघीजणी राहिलो. मग मी ही जागा घेतली. तिसरा मजला, जुनी चाळीसारखी लांबट इमारत, खाली तुतीची झाडं. माझ्या अख्ख्या आयुष्यात कुलूप उघडून आत गेल्यावर आत कुणीच नाही, असं पहिल्यांदा झालं. मी दारात उभी राहिले आणि काय करावं ते कळेना, म्हणून तुम्हाला फोन लावला. तुम्ही चष्मा शोधलात आणि तपासणी सुरू केलीत. "फोन फिरीव. हळू फिरीव, चक्कर येती. उगवत कुठल्या अंगाला?" मी सांगितलं, स्वयंपाकघराच्या खिडकीकडं. "ब्येस. आता नळ दाखीव. पाणी किती वेळ येतं?"

"दिवसभर येतं आत्या. रात्री पण."

तुम्ही चष्मा वर सारलात. मग काळजीनं विचारलंत, "मंग साठवायचं कशात?"

हसू नका, पण तुमचा फोन ठेवल्यावर मी तेच केलं. नळाला आठवड्यातनं कधीतरी पाणी येणाऱ्या गावची पोरगी मी. वाहता नळ दिसला की हात आपोआप भांड्याकडं जातो. जागेत होती नव्हती ती सगळी पातेली, किटली, दोन बादल्या, फुलदाणीसुद्धा मी काठोकाठ भरून ठेवली. तेवढ्यात समोरच्या दारातली माझी घरमालकीण गरम रोटी घेऊन आली. तिला इथं सगळे ओपा म्हणतात, म्हणजे आपल्याकडची ताई. साठीची असेल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, दातात सोनं. तिनं ती भरलेली भांडी बघितली आणि घाबरून विचारलं, "सुव योक?" मला त्या वेळी त्यांच्या भाषेतलं फारसं कळत नव्हतं. पाहुणीनं काही विचारलं की हो म्हणावं, या आपल्याकडच्या रीतीनं मी मान हलवली. तिनं विचारलं होतं, पाणी नाही का, म्हणजे जाणार आहे का? संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिन्यातल्या लोकांनी आपापली भांडी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळे जिन्यात माझ्याकडं बघत होते, आणि पाणी धो धो येत होतं.

तुम्हाला सांगितलं तेव्हा हसून हसून तुमच्या डोळ्यांना पाणी आलं. "बग," म्हणालात, "आपल्या गावचा हिसका दाखीवलास त्यांना."

आणि मग दुधाचा दिवस. नव्या जागेत पहिल्यांदा दूध तापवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं, उगवतीच्या अंगाला गेलं तर चांगलं, हे तुम्हीच शिकवलेलं. खव्याच्या गावात इतकी वर्षं काढलीत, तिथं दुधाचा थेंब सांडला तर बायका हळहळायच्या. पण नव्या घरात मात्र तीच माणसं भरलं पातेलं उतू जाऊ देत, असं तुम्ही कौतुकानं सांगायच्या. मी साखरेच्या बरणीला टेकवून फोन उभा केला, तुम्हाला शेगडी नीट दिसेल असा. तुम्ही अंघोळ करून, नवं लुगडं नेसून बसला होतात. दूध वर यायला लागलं. "येऊ दे, येऊ दे," तुम्ही म्हणत होतात. साय फुगली, काठाला लागली, आणि ओपा दारातून आत आली. तिनं ते बघितलं, मला बाजूला ढकललं आणि झडप घालून गॅस बंद केला. दूध जागच्या जागी खाली बसलं. ओपा माझ्याकडं अशी बघत होती, की वाचवलं बघ तुझं दूध.

तुम्ही कपाळाला हात लावलात. मग थेट तिलाच हाक मारलीत, परंड्यात शेजारणींकडून उचललेल्या तुमच्या दखनीत, "अगे बाई, जाने देना था की दूध!" तिला ते कळलं नाही. पण तुमच्या आवाजातला राग कळला असावा. तिनं मला विचारलं, ही कोण? मी मोडक्यातोडक्या शब्दांत म्हटलं, वडिलांची बहीण. तिचा चेहरा एकदम उजळला. "अम्मा," ती म्हणाली. मी तिला सांगायला लागले की अम्मा म्हणजे आमच्याकडं आई, तर तिनं मान हलवून पुन्हा सांगितलं, वडिलांची बहीण म्हणजे अम्मा. त्यांच्या भाषेत आत्याला अम्माच म्हणतात. मी तुम्हाला ते मराठीत सांगितलं. लुगड्याचा पदर सारखा करून म्हणालात, "बाई शानी हाय."

त्या दिवसापासून तुमची नि तिची दोस्ती. तुम्ही दखनी बोलायच्या, ती उझबेक बोलायची, आणि मधे मधे दरवाजा, बाजार, मेहमान, किताब असे ओळखीचे शब्द लागले की दोघी खूश. तुम्ही एकदा तिला बजावलंत, "लडकी को सब्जी खिलाव, सूखके गई." त्यांच्यात सब्जी म्हणजे गाजर. पुढं आठवडाभर तिनं माझ्या दारात गाजरं आणून टाकली. मी तक्रार केली तर तुम्ही म्हणालात, "डोळ्याला चांगली असत्यात. खा." मग तिनंही मला तिच्या रीती शिकवल्या. रोटी पालथी ठेवायची नाही, ठेवली की ती येऊन सुलटी करते. काळं तिखट तिला एकदा सारात घालून दिलं, तर तिनं दोन पेले पाणी पिऊन आणखी मागितलं.

मी इथं सुखात होते आत्या. हे तुम्हाला नीट सांगायचं राहून गेलं. खिडकीत उन्हाची तिरीप येते, मी वह्या तपासते, खाली पोरं तुतीला दगड मारतात, समोरून ओपाच्या कढईचा आवाज येतो. कुणी विचारत नाही, कुठं चाललीस, कधी येणार. पहिल्यांदा पडदे घेतले तेव्हा रंग कुणाला विचारावा तेच कळेना. मग एकटीनं निवडले, पिवळे. तुम्ही म्हणालात, "हळदीत बुडवल्यावानी दिसत्यात." पण फोन ठेवायच्या आधी म्हणालात, "फिरून एकदा दाखीव."

तरी घर म्हणायचं मात्र नाही. मी घर म्हटलं की तुम्ही तोडायच्या. "दूध उतू गेलं का? न्हाय ना? मंग बिऱ्हाड."

मी म्हणायचे, "आत्या, ओपा मला ऊठ म्हणत नाही. उलट बस म्हणते."

"आज म्हणत न्हाय. जागा तिची हाय, उद्या म्हणंल."

"मग असं बघायला गेलं तर घर कुणाचंच नसतं. ऊठ तर सगळ्यांनाच म्हणणार आहे कुणीतरी एक दिवस."

हे मी चिडून म्हटलं होतं. तुम्ही पदर खोचलात. मग म्हणालात, "मी मे महिन्यात येती. माज्या हातानं दूध ठेवती. त्या बाईला त्या दिवशी कुलूप लावून ठीव. मंग बघू." आणि खाली आईला हाक मारलीत, चहा ठीव म्हणून.

पासपोर्टच्या फोटोत तुम्ही इतक्या रागानं बघताय, की हे बघून तुम्हाला कोण कुठं जाऊ देईल असं मला वाटलं होतं. पण पासपोर्ट आला. इकडं ओपानं अम्मासाठी म्हणून नवी गादी शिवली, पातळ, रंगीत, जमिनीवर अंथरायची. तुम्हाला पलंग चालत नाही हे मी तिला सांगितलं होतं. त्याच गादीवर बसून लिहितेय. मऊ आहे. तुम्हाला जरा जास्तच मऊ वाटली असती.

मी तुमची वाट बघत होते ती नुसत्या दुधासाठी नाही. शाळेनं विचारलं होतं, पुढं राहणार का? मला राहायचं होतं. दादांना हे कसं सांगायचं ते मात्र कळत नव्हतं. शब्द एका वर्षाचा होता आणि जामीन तुम्ही होतात. तुम्ही याल, जागा बघाल, ओपाच्या हातचा भात खाल, मग मी तुमच्या पायाशी बसून सांगेन, आणि तुम्ही तिकडं जाऊन दादांना येरमाळ्याच्या एसटीसारखं काहीतरी ऐकवाल, असं मी ठरवून टाकलं होतं. तुमच्या जिवावर माझं सगळं होतं, हे तुम्हाला कळलं असेलच. तुम्हाला न सांगता कळायच्या गोष्टी फार असायच्या.

त्या सकाळी मी चहासाठी दूध ठेवलं होतं आणि फोन वाजला. दादा होते. "आक्का," एवढंच म्हणाले. मग आईनं फोन घेतला. देवाची फुलं काढताना तुम्ही पायरीवर बसलात आणि तशाच गेलात. मी खिडकीपाशी उभी राहून ऐकत होते, आणि किती वेळ तशीच उभी होते ते आठवत नाही. करपल्याचा वास जिन्यात गेला तेव्हा ओपा धावत आली. या वेळी तिला उशीर झाला होता. दूध सगळं शेगडीवर, शेगडीवरून खाली. तिनं गॅस बंद केला, माझ्याकडं बघितलं आणि दुधाबद्दल चकार शब्द काढला नाही. "अम्मा?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं मला याच गादीवर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि माझ्या आधी रडायला लागली.

त्या दिवशी तिनं मला शेगडी पेटवू दिली नाही. त्यांच्यातही मौतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणून देतात, आपल्यासारखंच. जिन्यातल्या बायका एकेक करून आल्या. पाण्याची भांडी भरून ठेवणाऱ्या त्याच सगळ्या. कुणी भात, कुणी सार, कुणी नुसतीच येऊन बसली. चपला दाराबाहेर, आत जमिनीवर बायका, मधे मी. कळंबला तुमच्या दारात जे चाललं असेल तेच इथं चाललं होतं, फक्त भाषा वेगळी. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की एवढ्या बायका बिऱ्हाडाला सांत्वनाला येत नाहीत. आता हा माझा मुद्दा आहे आत्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, येतात की, त्यांचं काय जातंय. मग मी काहीतरी बोलले असते, मग तुम्ही.

काल तेराव्याचं सांगून झालं तरी दादांनी फोन ठेवला नाही. मी मनात वाक्य जुळवत होते, पुढच्या वर्षाचं कसं सांगावं. आता मधे घालायला तुम्ही नव्हतात. तेवढ्यात तेच म्हणाले, "शिंपी आला व्हता जेवायला. आक्कानं त्याच्याकडं चार झंपर टाकले व्हते नवे. त्यानं इच्यारलं, बाई, एवढे कशाला? तर म्हणली, पोरीच्या घरी जायाचंय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "घरी म्हणाल्या?"

"घरी. म्या बी तिला म्हणलं व्हतं, तू तर बिऱ्हाड बिऱ्हाड करतीस की. तर म्हणली, घर म्हणलं की पोरगी तिथलीच व्हईल, मंग आपल्याला न्हाय गावायची. आदी डोळ्यानं बघून येती, मंग म्हणती तिला." दादा खाकरले. "आता ती काय म्हणत न्हाय. मंग म्याच सांगितलं तुला."

मी तिथंच खाली बसले. इतके महिने तुम्ही मला एका शब्दासाठी झुलवलंत, आणि शिंप्याला मात्र फुकट देऊन टाकलात. मला हसू येत होतं आणि रडूही.

मग दादांनीच विचारलं, "शाळा काय म्हणती? ऱ्हा म्हणती का पुढं?"

"म्हणते."

"तुजं काय?"

"मला राहायचंय, दादा."

ते फोन घेऊन अंगणात गेले असावेत. मागं भांडी घासल्याचा आवाज येत होता, जेवणावळीची मोठी भांडी. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यांना त्या सकाळच्या दुधाचं सांगितलं. फोन आला तेव्हा ते शेगडीवर होतं आणि सगळं उतू गेलं, असं.

"कुठल्या अंगाला गेलं?" त्यांनी विचारलं. अगदी तुमच्यासारखं.

मी शेगडीकडं बघितलं. ओपानं ती घासून लख्ख केली होती. तिनं घासली म्हणजे काही राहायचं कारण नव्हतं, पण मी उठून वाकून बघितलं. शेगडीच्या पायाशी, खिडकीकडच्या अंगाला, फरशीच्या सांध्यात करपलेल्या दुधाचा काळा ओघळ राहून गेला होता. वर पिवळा पडदा वाऱ्यानं हलत होता.

"उगवतीला," मी म्हणाले.

"मंग झालं की," दादा म्हणाले. "घरी जपून ऱ्हा."

फोन ठेवल्यावर मी तिथंच उभी राहून मोठ्यानं म्हणून बघितलं, "हे माझं घर आहे." सबंध वाक्य पुरं झालं, आत्या. कुणी मधे तोडलं नाही.